घरगुती शिवणयंत्राची निवड

१९२४ सालच्या ऑक्टोबर महिन्यातील गोष्ट. दिल्लीत एकवीस दिवसांचा उपवास पुरा करून गांधीजी विश्रांती घेत होते. शांतिनिकेतनचा रामचंद्रन नावाचा एक विद्यार्थी त्यांना भेटावयास आला आणि त्याने सरळच विचारले, की यंत्रमात्राला आपला विरोध आहे काय? उत्तर देताना गांधीजींनी एका यंत्राचा मोठ्या आनंदाने अपवाद केला. ते यंत्र म्हणजे सिंगरचे शिवणयंत्र. पत्नी तासन्‌तास हाताने टाके घालीत बसते हे सिंगरला पाहवले नाही आणि केवळ प्रेमापोटी त्याने हे यंत्र रचले, अशी कथाही त्यांनी सांगितली. इतिहास इतका हळवा नाही. १८४६ मध्ये एलियास हाऊ आणि १८५१ मध्ये आयझॅक सिंगर यांनी अमेरिकेत आपापल्या यंत्रांची पेटंटे घेतली आणि पुढे हक्कांसाठी ते न्यायालयात भांडले. परंतु कथेचे मर्म त्यामुळे उणे होत नाही. माणसाचे कष्ट हलके करणारे, आणि तरीही माणसाच्या ताब्यात राहणारे यंत्र चांगले, ही कसोटी आजही उपयोगी पडते.

आज त्याच दिल्लीत, किंवा नोएडा-गाझियाबादच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात, नोकरीनिमित्त महाराष्ट्रातून आलेले एखादे कुटुंब शिवणयंत्र घ्यावयाचे ठरवते. ब्लाऊज, परकर, उशांचे अभ्रे, पडदे, येऊ घातलेल्या नातवंडाची झबली-टोपडी अशी कामाची यादी लांब असते. शिंप्याची शिलाई दरवर्षी वाढते. उलट चांदणी चौकातील कटरा नील किंवा कॅनॉट प्लेसजवळचे शंकर मार्केट येथे कापड मनाजोगते आणि बेताच्या दरात मिळते. घरखर्चातून गृहिणीने महिनोन्‌महिने बाजूला काढलेले पैसे आता एका वस्तूवर खर्च व्हावयाचे असतात. निवड चुकली तर पैसे जातातच. शिवाय ‘आपल्याला हे जमत नाही’ अशी खोटी समजूत तिच्या मनात कायमची बसते. अनेकदा दोष हाताचा नसतो, यंत्राचा असतो.

दुकानात गेल्यावर प्रथम डोळ्यांत भरतात ती शेकडो नक्षीदार टाके घालणारी यंत्रे. वास्तविक घरातील बहुतेक शिवण साध्या सरळ टाक्यातच होते. साडीला पिको करणे, काजे करणे, कडांचे धागे सुटू न देणे यांसाठी नागमोडी टाका लागतो. बनियनसारख्या ताणल्या जाणाऱ्या कापडालाही तोच हवा, कारण सरळ टाका ताण पडताच तुटतो. तेव्हा पुढच्या वर्षभरात काय शिवावयाचे आहे, ते कागदावर लिहूनच घराबाहेर पडावे. केवळ सुती कपडे आणि अभ्रे शिवावयाचे असतील तर सरळ टाक्याचे काळे बिडाचे यंत्र पुरेसे आहे. पिको आणि काजे घरी व्हावेत असे वाटत असेल तर नागमोडी टाक्याचे साधे यंत्र घ्यावे. त्यापुढील नक्षीसाठी पैसे मोजण्यापूर्वी अंथरूण पाहून पाय पसरावे.

बिडाच्या यंत्राचा मोठा गुण म्हणजे त्याची सोय गल्लीत होते. १९३५ च्या सुमारास कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने देशी यंत्र तयार केले. ‘उषा’ या नावाने ते घरोघरी गेले. हा कारखाना पुढे दिल्लीच्या लाला श्रीराम यांच्या उद्योगसमूहात आला. लुधियान्याच्या लहान कारखान्यांनीही त्याच घडणीची यंत्रे बनवली. त्यामुळे सुटे भाग सहज मिळतात आणि दुरुस्ती करणाराही जवळच सापडतो. पायाने चालवावयाचे यंत्र वीज गेली तरी थांबत नाही आणि दोन्ही हात कापडासाठी मोकळे राहतात. मात्र त्याला कायमची जागा लागते. घर लहान असेल तर हाताने फिरवावयाचे यंत्र घेऊन त्याला पुढे लहान मोटर बसवता येते.

परीक्षा मात्र आपल्याच कापडावर घ्यावी. पिशवीत तलम वॉयलचा एक तुकडा, जाड खादीचा एक आणि निसरड्या रेशमी कापडाचा एक तुकडा असावा. वॉयलला अकरा, सर्वसाधारण सुती कापडाला चौदा आणि जाड कापडाला सोळा क्रमांकाची सुई लावावी. चाक हाताने सावकाश फिरवून पाहावे. ते अडखळता कामा नये, आणि सुई पट्टीच्या छिद्राच्या मधोमध उतरली पाहिजे. वरच्या आणि खालच्या धाग्यांची गाठ कापडाच्या आत दडलेली दिसली, तर ताण बरोबर आहे. खालच्या बाजूला धाग्याचे वेटोळे दिसले, तर बहुधा वरचा धागा नीट ओवलेला नाही किंवा त्याचा ताण सैल आहे. शेवटी खादीची चौपदरी घडी शिवून पाहावी. तिथे यंत्र थबकले तर विक्रेत्याचे शब्द कितीही गोड असोत, पुढच्या दुकानाकडे वळावे.

जुने यंत्र स्वस्तात मिळत असेल तर त्याच परीक्षेने घ्यावे. गंज वरवरचा असल्यास भिण्याचे कारण नाही, पण कापड पुढे सरकवणारे दाते झिजलेले असल्यास विचार करावा. ओखला-गुरुग्रामच्या कारखान्यांतून निघालेली वेगवान यंत्रे मात्र नवशिक्याने टाळलेली बरी. ती मिनिटाला हजारो टाके घालतात आणि हाताला सवय होण्यापूर्वीच कापड पुढे निघून जाते. हप्त्याने यंत्रे विकण्याची पद्धत सिंगर कंपनीने एकोणिसाव्या शतकातच रूढ केली. परंतु हप्ता लहान आहे म्हणून न भुलता सर्व हप्त्यांची बेरीज करावी.

रामचंद्रनने त्या दिवशी आणखी एक प्रश्न विचारला होता: एकदा अपवाद केला की मर्यादा कुठे घालावयाची? गांधीजींच्या उत्तराचा आशय असा, की यंत्र जिथे व्यक्तीला साहाय्य करीनासे होते आणि तिच्या व्यक्तित्वावर आक्रमण करू लागते, तिथे. घरगुती शिवणयंत्रालाही हेच लागू आहे. ज्याच्या धाकाने गृहिणी त्याला हात लावावयास कचरते, आणि ज्यावर शेवटी फुलदाणी ठेवली जाते, ते यंत्र कोणत्याही किंमतीला महागच पडले. ज्यावर पहिले झबले वेडेवाकडे शिवले गेले आणि दुसरे नीट, तेच तिच्या हाताचे यंत्र.