सुट्टीतलं काम : तास किती, पैसे किती?

परीक्षा संपल्या की बचत गटाच्या बैठकीत प्रश्न येतो, "लेक संभाजीनगरला शिकते. सुट्टीत संशोधनाचं काम मिळतंय म्हणते. पाठवू का?"

जरूर पाठवा. पण आधी विचारा, हे काम शिकायचं की मजुरीचं?

देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. मुलगी साधारण दोन महिने शास्त्रज्ञांजवळ शिकते, तिला ठरावीक विद्यावेतन मिळतं. आपल्या मराठवाडा विद्यापीठातली 'कमवा व शिका' योजना वेगळी. तिथं केलेल्या कामाचा मोबदला मिळतो, म्हणून हजेरीची नोंद रोज झालीच पाहिजे.

तिसरं काम घरोघरी फिरून माहिती भरण्याचं. इथं हिशेब नीट करा. समजा, एका फॉर्मचे 30 रुपये. दिवसभरात 10 फॉर्म झाले, म्हणजे 300. गाडीभाडं 100 गेलं, उरले 200. आठ तास फिरली, तर तासाला पडले फक्त 25!

म्हणून होकार देण्याआधी कागदावर लिहून घ्या : रोजचे तास, सुट्टी, रक्कम, पैसे कधी मिळणार, गाडीभाडं कोण देणार. पैसे लेकीच्याच खात्यात यावेत. आणि एकाच कामाला मुलाला जास्त, मुलीला कमी, असं चालत नाही; 1976 सालीच तसा कायदा झाला होता.

असं विचारायला लाजू नका. लेकीलाही विचारायला शिकवा.