नेम खेळाडूचा, जबाबदारी आयोजकाची

(नेमबाजी स्पर्धांच्या आयोजनात काम करू इच्छिणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



द्रोणाचार्यांनी घेतलेली नेमबाजीची परीक्षा आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. झाडावरचा पक्षी, त्याचा डोळा आणि अर्जुनाचे उत्तर. या कथेतून आपण नेहमी अर्जुनाची एकाग्रता तेवढी उचलतो. आज मला तिच्याकडे दुसऱ्या बाजूने पाहायचे आहे. आदिपर्वात स्पष्ट सांगितले आहे की झाडावरचा तो पक्षी जिवंत नव्हता. आचार्यांनी तो कारागिरांकडून बनवून घेतला होता आणि शिष्यांच्या नकळत झाडाच्या शेंड्यावर बसवला होता. पुढे प्रत्येक शिष्याला त्यांनी तेच लक्ष्य दाखवले आणि तोच प्रश्न विचारला. म्हणजे लक्ष्य तयार करणे, ते योग्य जागी मांडणे, ते आधी कोणाला कळू न देणे आणि सर्वांना एकाच मापाने मोजणे, ही चारही कामे परीक्षकाने चोख केली होती. अर्जुन सर्वांच्या लक्षात राहिला. परीक्षा मांडणाऱ्याचे कष्ट मात्र कोणी आठवत नाही. आपण येथे जमलो आहोत ते त्या कष्टांचा विचार करण्यासाठी.

आपला विषय आहे स्प्रिंगच्या एअर रायफलींसाठी फील्ड टार्गेट स्पर्धा. हा खेळ मूळचा इंग्लंडचा. १९८० साली ससेक्स परगण्यातील मॅगहॅम डाउन येथे त्याची सुरुवात झाली. एअर रायफलने शिकार करणाऱ्या मंडळींना सरावाचे साधन हवे होते. म्हणून त्यांनी उंदीर, कावळा, ससा अशा आकारांचे पोलादी पत्रे मोकळ्या रानात वेगवेगळ्या अंतरांवर मांडले. पत्र्याला एक गोल छिद्र असते आणि छिद्रामागे एक छोटी पट्टी. छर्रा छिद्रातून आरपार जाऊन पट्टीवर बसला तर लक्ष्य मागे कोसळते. छिद्राबाहेर लागला तर ते उभेच राहते. पडलेले लक्ष्य दोरी ओढून पुन्हा उभे करतात. पडले तर एक गुण, उभे राहिले तर शून्य. 

या खेळाचे मर्म एका गोष्टीत आहे. अंतर खेळाडूला सांगितले जात नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत लक्ष्ये साधारण ५० मीटरपर्यंत कोठेही असतात. लेसरने अंतर मोजायला मनाई असते. खेळाडूने दुर्बिणीचे चक्र फिरवून लक्ष्य स्पष्ट करायचे आणि त्या स्पष्टतेवरून अंतर ओळखायचे. अंतर चुकले की नेम चुकलाच. ५० यार्डांवर पोहोचेपर्यंत छर्रा वीस ते पंचवीस सेंटीमीटर खाली येतो. उलट अगदी जवळच्या लक्ष्यावरही तो खालीच लागतो, कारण दुर्बीण नळीच्या वर बसवलेली असते आणि छर्रा अद्याप दृष्टिरेषेपर्यंत चढलेला नसतो. त्यावर वारा आहेच. 

आता आपल्या हातातील साधनाकडे वळू. ऑलिम्पिकमधील आजच्या एअर रायफली आधी भरून ठेवलेल्या दाबाच्या हवेवर चालतात. २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्रा याने सुवर्णपदक जिंकले ते अशाच रायफलीने. त्यांना धक्का जवळजवळ नसतो. किंमत मात्र सामान्य घराच्या आवाक्याबाहेरची असते. स्प्रिंगची रायफल साधी. नळी मोडली किंवा खालचा दांडा ओढला की स्प्रिंग दाबली जाते. चाप ओढला की स्प्रिंग दट्ट्याला पुढे ढकलते, पुढची हवा दाबली जाते आणि छर्रा सुटतो. दट्ट्या पुढे सुटताच रायफल मागे येते. दट्ट्या हवेच्या गादीवर आदळताच ती पुढे झेपावते. छर्रा नळीत असतानाच ही हालचाल सुरू झालेली असते. म्हणून ही रायफल आवळून धरणाऱ्याला ती कधीच यश देत नाही. ती हलक्या हाताने आणि प्रत्येक वेळी अगदी तशीच धरावी लागते. जागतिक स्पर्धांतही पिस्टन रायफलींचा वेगळा वर्ग ठेवलेला आहे. आपणही तोच विवेक ठेवावा. दोन्ही प्रकार एका गुणपत्रकात घातले तर ती स्पर्धा खेळाडूंची न राहता पैशाची होते.

ताकदीची तपासणी हे पहिले कर्तव्य. आंतरराष्ट्रीय मर्यादा सुमारे १६.३ जूल आहे. आपल्याकडे ०.१७७ इंच व्यासाच्या आणि २० जूलपर्यंतच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. स्पर्धेसाठी आपण १६.३ जूल हीच मर्यादा धरावी. वेगमापक यंत्र असले की हिशेब सोपा आहे. ०.५४७ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २४० मीटर वेगाने निघाला तर त्याची ऊर्जा १५.७५ जूल भरते. तो नियमात बसला. २५० मीटर वेग आला तर ऊर्जा १७ जूलच्या वर जाते. मग ती रायफल कोणाचीही असो, बाहेर ठेवायची. हा निर्णय सकाळी नऊला घेतला तर कटुता येत नाही. बक्षीस समारंभात घेतला तर भांडण होते.

आता आखणी. पहिल्या स्पर्धेला बारा लेन पुरेत. प्रत्येक लेनमध्ये दोन लक्ष्ये, म्हणजे एकूण चोवीस. तीन-तीन खेळाडूंचे बारा गट करून प्रत्येक गटाने वेगळ्या लेनपासून सुरुवात करायची. एका खेळाडूला एका लेनसाठी तीन मिनिटे धरली, तर छत्तीस जणांची फेरी १०८ मिनिटांत, म्हणजे दोन तासांच्या आत संपते. उन्हाच्या आधी मैदान मोकळे होते. 

लक्ष्य किती अवघड असावे यासाठी अमेरिकेत ट्रॉयर यांच्या नावाने ओळखली जाणारी एक पद्धत आहे. यार्डांतील अंतराला छिद्राच्या इंचांतील व्यासाने भागायचे. ४० यार्डांवर दीड इंचाचे छिद्र आणि २० यार्डांवर पाऊण इंचाचे छिद्र, दोन्हींचे उत्तर सुमारे २७ येते. म्हणजे डोळ्यांना सोपे वाटणारे जवळचे लक्ष्य प्रत्यक्षात दूरच्या इतकेच कठीण असू शकते. उभ्याने किंवा गुडघ्यावर बसून नेम धरायचा असेल तर हा अंक वाढवून धरतात. नवख्या स्प्रिंगवाल्यांसाठी सरासरी वीसच्या आसपास ठेवावी, असा माझा अनुभव आहे. आयोजकाचा पहिला मोह लक्ष्ये अशक्य करण्याचा असतो. ज्या मुलाची चोवीसपैकी तीन पडली, तो पुन्हा येत नाही. बारा पडली, तर पुढच्या वेळी भावालाही घेऊन येतो.

मित्रहो, आता सुरक्षिततेविषयी. येथे आवाज चढवून बोलावेसे वाटते. एअर रायफलीला खेळणे समजू नका. छर्रा मोकळा सुटला तर काही शे मीटर जातो आणि पोलादावरून उलटही फिरतो. म्हणून प्रत्येक लक्ष्यामागे मातीचा बांध किंवा टेकडीचा उतार हवाच. झाडी हा आडोसा नव्हे. गोळीबाराच्या रेषेवर आणि आसपास सर्वांच्या डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवा, गुण लिहिणाऱ्याच्याही. लेन बदलताना नळी मोडलेली किंवा दांडा उघडा असलेला दिसला पाहिजे. छर्रा भरताना नळी किंवा दांडा दुसऱ्या हाताने घट्ट धरायचा, कारण खटका निसटला तर बोट जाते. शिट्टी वाजली की सर्व थांबतील. ज्याची रायफल ताणलेली असेल त्याने हात वर करून मार्शलला बोलवायचे आणि त्याच्या देखरेखीखाली छर्रा समोरच्या मातीत सोडायचा. रेषेपुढे पाऊल टाकण्याची परवानगी देणारा माणूस एकच असेल. दोघे असले की अपघात ठरलेला. जमिनीच्या मालकाची लेखी संमती घ्या, पोलीस ठाण्याला आधी कळवा आणि प्रथमोपचाराची पेटी जवळ ठेवा. शिसे हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय कोणी शिदोरी उघडणार नाही, हेही पाहा. 

गुण लिहिण्याची रीत या खेळात मोठी सुंदर आहे. स्वतंत्र पंच प्रत्येक लेनवर नसतो. एक नेम धरतो, दुसरा लिहितो आणि शेवटी दोघे सही करतात. प्रतिस्पर्ध्याचा गुण आपल्या हाताने लिहायचा, याहून चांगली प्रामाणिकपणाची शाळा मला माहीत नाही. पण हा विश्वास आयोजकाने आधी कमवावा लागतो. तो कसा गमावता येतो, याचा माझाच अनुभव सांगतो.

आमच्या पहिल्या स्पर्धेत सातव्या लेनचे दूरचे लक्ष्य पहिल्या दोघांनी पाडले. नंतरचे नऊ जण चुकले. आम्ही वाऱ्याला दोष दिला. मग एका शाळकरी मुलाने हात वर केला. छर्रा पट्टीवर लागल्याचा आवाज आपण ऐकला आहे, असे तो ठामपणे म्हणाला. नियम असा की शंका असेल तर पुढचा नेम धरण्यापूर्वी आणि दोरीला हात लावण्यापूर्वी मार्शलला बोलवायचे. त्या मुलाने तेच केले होते. आम्ही तपासले. बिजागरीत खडे अडकले होते. पट्टीवर मधोमध छर्रा बसला तर लक्ष्य पडे. खालच्या कडेला, बिजागरीजवळ बसला तर पडत नसे. सकाळी मी ते लक्ष्य तपासले होते खरे, पण जवळ उभे राहून आणि जोरदार रायफलीने. आता दोनच मार्ग होते. गप्प बसायचे, किंवा ते लक्ष्य सर्वांच्याच गुणांतून वगळायचे. आम्ही ध्वनिक्षेपकावर चूक सांगितली आणि लक्ष्य वगळले. ज्या दोघांनी ते पाडले होते, त्यांचा एकेक गुण गेला. त्यांतील एकाचा तिसरा क्रमांक गेला. तो दोन महिने माझ्याशी बोलला नाही. त्याचा राग रास्त होता. चूक माझी होती आणि किंमत त्याने मोजली. तेव्हापासून मी प्रत्येक लक्ष्य प्रत्यक्ष रेषेवरून, जमलेल्यांतील सर्वांत कमी ताकदीच्या रायफलीने आणि छिद्राच्या खालच्या कडेवर नेम धरून तपासतो. 

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. आपल्या गावोगावी एअर रायफल पोहोचली ती पाखरे मारण्याचे साधन म्हणून. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, तरी सुट्टीच्या दिवशी तळ्याकाठी काय चालते ते आपण पाहतो. १७ मार्च २०२१ रोजी अरुणाचल प्रदेशातील पूर्व कामेंग जिल्ह्यात, लुमडुंग गावी, ग्रामस्थांनी ४६ एअर गन स्वेच्छेने शासनाच्या हवाली केल्या. जंगल मुके होऊ नये म्हणून सुरू झालेले हे अभियान पुढे राज्यभर पसरले. त्या ग्रामस्थांना माझा आदरपूर्वक नमस्कार. पण ज्या तरुणाच्या हातात रायफल आहे आणि नेम धरण्याची हौस आहे, त्याला केवळ ‘नको’ म्हणून भागत नाही. त्या हौसेला जागा द्यावी लागते. फील्ड टार्गेट ती जागा देऊ शकते, मात्र आपण ती नीट मांडली तरच. म्हणून माझी विनंती आहे की आपल्या स्पर्धांत पत्र्याला पक्ष्याचा वा सशाचा आकार देऊ नये. वर्तुळ, चौकोन, त्रिकोण पुरेसे आहेत. गावच्या लोहाराला छिद्राचे माप बिनचूक समजावून द्या, तो उत्तम काम करतो. स्पर्धेच्या पत्रकावर पहिलीच ओळ अशी असू द्या की सजीवावर नेम धरणाऱ्याला येथे प्रवेश नाही.

द्रोणाचार्यांना खरा पक्षी मिळाला नसता असे नाही. अरण्य त्यांच्या दारातच होते. तरी त्यांनी कारागिरांना बोलावून पक्षी घडवून घेतला, हे मला फार मोलाचे वाटते. येत्या थंडीत आपल्यापैकी प्रत्येकाने आपल्या तालुक्यात एक छोटी स्पर्धा भरवावी. विजेत्याचे नाव वर्तमानपत्रात नाही आले तरी चालेल. संध्याकाळी सर्व खेळाडू धडधाकट घरी गेले, कोणाच्या मनात गुणपत्रकाविषयी शंका उरली नाही आणि तळ्याकाठची पाखरे जागच्या जागी राहिली, तर आपला नेम बरोबर बसला असे समजा.