वार्धक्य, विश्रांती आणि स्नायुबळ
(वार्षिक संमेलनातील भाषण)



वृद्ध मातापितरांना वृद्धाश्रमात ठेवावे की नाही, हा वाद आज आम्ही काढणार नाही. आपल्यातील अनेक वडीलधारी मंडळी तेथे राहत आहेत, ही वस्तुस्थिती आहे. आमची आत्याही त्यांपैकीच एक. तिला भेटावयास जाताना आम्ही पेढे नेत असू आणि ‘‘तू उठू नकोस, बसून राहा,’’ असे मायेने सांगत असू. दोन वर्षांत तिचे वजन वाढले, मधुमेह जडला आणि खुर्चीतून आपण होऊन उठण्याची शक्तीही गेली. वजन वाढत असता शक्ती का घटावी, हे कोडे आम्हांस उलगडेना.

चरबी वाढत होती आणि स्नायू झिजत होते, हे त्याचे उत्तर होय. वयोमानाने होणाऱ्या या स्नायुक्षयास आयर्विन रोझेनबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९८९ साली ‘सार्कोपेनिया’ हे नाव दिले. जेवणानंतर रक्तात येणारी साखर इन्सुलिनच्या साहाय्याने मुख्यतः स्नायूच शोषून घेतात. ते झिजले की साखर रक्तात साचते. मधुमेह स्नायूंना आणखी झिजवितो. आणि अशक्त मनुष्य अधिकच बसून राहतो.

आपण तर विशेष सावध असावे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपली व आपले इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांची तुलना २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के!

तथापि निराशेचे कारण नाही. बोस्टन येथील एका वृद्धनिवासात डॉ. मारिया फियातारोने यांनी नव्वदीच्या घरातील दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. जे अखेरपर्यंत टिकले, त्यांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले, असे १९९० साली प्रसिद्ध झाले. पुढे १९९४ सालच्या, शंभर निवासींवरील प्रयोगात असेही दिसले की, व्यायामावाचून नुसत्या पौष्टिक पेयाने बळ वाढत नाही.

यास्तव आमची विनंती एवढीच, की आश्रमात जाल तेव्हा पेढ्यांचा पुडा घरी ठेवा. वडिलांचा हात धरून त्यांना खुर्चीतून पाच-दहा वेळा उठवा, बसवा. त्यांच्या ताटात मऊ भाताबरोबर वरण, उसळ, दही किंवा अंडे असते की नाही, याची चौकशी करा. वजन उतरविण्यासाठी त्यांना नुसते उपाशी ठेवू नका. चरबीबरोबर स्नायूही जातात. मात्र हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास, किंवा इन्सुलिन चालू असल्यास, डॉक्टरांना विचारूनच हे सर्व करावे.

आमची आत्या आता खुर्चीचे हात धरून का होईना, आपली आपण उठते. गेल्या खेपेस ती आम्हांस दारापर्यंत पोहोचवावयास आली. ज्या मायेने आपण वडिलांना बसविले, त्याच मायेने त्यांना उठवू या.