संगणकाच्या दप्तराचे राखणदार

शेतजमिनीच्या हक्कात बदल झाला, की तलाठी त्याची नोंद गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहीत घेतो. मंडळ अधिकारी कागदपत्रे तपासून ती नोंद प्रमाणित करतो आणि त्यानंतरच सातबाऱ्यावरील नाव बदलते. सातबारा आजची स्थिती सांगतो; ती स्थिती केव्हा, कशामुळे व कोणाच्या अर्जावरून आली, हे फेरफार सांगतो. ज्या गावी फेरफार नीट ठेवलेले असतात, तेथील पुष्कळसे तंटे कागदावरच मिटतात.

संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न असतो. आज्ञावली म्हणजे संगणकाने काय करावे, याचा ओळीओळींनी लिहिलेला लेख. मोठ्या आज्ञावलीत अशा लक्षावधी ओळी असतात आणि शेकडो माणसे त्या रोज बदलत असतात. कोणती ओळ कोणी बदलली, का बदलली आणि ती बरोबर आहे असे कोणी म्हटले, याचा माग राहिला नाही, तर पुढच्या माणसाला एक दोष काढताना दोन नवे घालण्याची भीती असते. म्हणूनच या व्यवसायात लिहिण्याच्या कौशल्याइतकेच नोंद ठेवण्याच्या साधनाला महत्त्व आहे.

उसने साधन

फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ साली लिनक्स या संगणक-प्रणालीचा गाभा लिहिण्यास प्रारंभ केला व तो सर्वांसाठी खुला ठेवला. देशोदेशीचे प्रोग्रॅमर आपापल्या दुरुस्त्या टपालाप्रमाणे त्याच्याकडे धाडू लागले. तो त्या वाचून हाताने मूळ लेखात बसवी. काम वाढले तसा एका माणसावरील भार असह्य झाला आणि काही दुरुस्त्या वाटेतच हरवू लागल्या.

तेव्हा २००२ मध्ये बिटकीपर नावाचे नोंदीचे साधन स्वीकारण्यात आले. ते उत्तम होते, परंतु एका खाजगी कंपनीच्या मालकीचे होते. लिनक्सच्या प्रोग्रॅमरांना ते विनामूल्य मिळाले, मात्र अटींवर. सर्वांच्या मालकीचे काम दुसऱ्याच्या मालकीच्या हत्याराने करावे काय, असा आक्षेप त्या वेळीच काहींनी घेतला होता. २००५ च्या एप्रिलमध्ये अटींवरून वाद होऊन विनामूल्य वापराची सवलत संपली, तेव्हा त्या आक्षेपाचे मर्म सर्वांच्या ध्यानी आले. शेजाऱ्याच्या बैलांवर पेरणी करणाऱ्याची ऐन वाफशावर जी गत होते, तीच या मंडळींची झाली.

टोरवाल्ड्सने लिनक्सचे काम बाजूस ठेवले आणि ३ एप्रिल २००५ रोजी नवे साधन लिहावयास घेतले. ७ एप्रिलला त्या साधनाच्या स्वतःच्याच नोंदी त्यात ठेवल्या जाऊ लागल्या. त्याचे नाव गिट. जूनमध्ये लिनक्सची पुढची आवृत्ती त्याच्याच साहाय्याने सिद्ध झाली.

गिटची रचना समजण्यास अवघड नाही. त्यातील प्रत्येक नोंदीत बदल, तो करणाराचे नाव, वेळ व कारण असते. या सर्वांवरून, तसेच आधीच्या नोंदीच्या खुणेवरून, गणिताने चाळीस अक्षरांची एक खूण तयार होते. एखादी जुनी नोंद कोणी गुपचूप बदलली, तर तिची खूण बदलते आणि तिच्यापुढील सर्व खुणाही बदलतात. शिवाय दप्तर एकाच कपाटात बंद नसते; काम करणाऱ्या प्रत्येकाजवळ साधारणतः त्याची संपूर्ण प्रत असते. एक कपाट जळाले तरी गावाचा इतिहास जळत नाही.

तपासणी व स्वाक्षरी

साधन मात्र विश्वास निर्माण करीत नाही. विश्वास माणसांनीच निर्माण करावा लागतो. लिनक्सच्या कामात २००४ पासून प्रत्येक दुरुस्तीखाली ती पाठविणाऱ्याने आपल्या नावाची ओळ लिहावी, असा दंडक आहे. ही दुरुस्ती देण्याचा आपल्याला अधिकार आहे, अशी ती ग्वाही असते. दुरुस्ती ज्या शाखेची असेल, त्या शाखेचा सांभाळकर्ता ती वाचतो, शंका काढतो, प्रसंगी परत पाठवितो. पसंत पडल्यास खाली आपलेही नाव घालून वर पाठवितो. तलाठी व मंडळ अधिकारी यांच्या साखळीहून हे फार निराळे नाही.

गिट लिहून झाल्यावर चार महिन्यांच्या आतच, जुलै २००५ मध्ये, टोरवाल्ड्सने त्याची जबाबदारी जुनिओ हमानो या जपानी प्रोग्रॅमरकडे सोपविली. पहिले काही दिवस टोरवाल्ड्सचे होते. पुढची कितीतरी वर्षे हमानो यांची आहेत. शोध लावणाऱ्याचे नाव सर्वतोमुखी होते आणि सांभाळणाऱ्याचे नाव व्यवसायाबाहेर कोणी घेत नाही. विहीर खणताना नारळ फुटतो. गाळ काढताना फुटत नाही. परंतु पाणी टिकते ते गाळ काढणाऱ्यामुळे.

थकलेल्या हातांचा धोका

या उपेक्षेची किंमत किती मोठी असू शकते, हे २०२४ साली दिसून आले. एक्सझेड नावाची, माहिती आटोपशीर करून साठविणारी एक आज्ञावली आहे. जगातील असंख्य यंत्रांत ती असते, पण तिचा भार अनेक वर्षे एकच माणूस बिनपगारी वाहत होता. तो थकला होता. काम संथ चालले आहे, अशी तक्रार करणारी पत्रे अनोळखी नावांनी येऊ लागली. त्याच वेळी मदतीस आलेल्या एका टोपणनावाच्या व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ चांगले काम करून विश्वास संपादन केला, अधिकार मिळविले आणि शेवटी त्या आज्ञावलीत चोरदरवाजा बसविला.

हा डाव उघडकीस आणला तो आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरने. दूरच्या यंत्रात प्रवेश करताना अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढेच त्याच्या नजरेस आले. त्याने ते सोडून दिले नाही; मागोवा घेतला आणि २९ मार्च २०२४ रोजी सर्वांना सावध केले. यातील एक बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. चोरदरवाजा उघडणारा नेमका भाग गिटच्या उघड नोंदीत नव्हता. वाटपासाठी बांधलेल्या गाठोड्यात तो वेगळा घातलेला होता. दप्तराशी नक्कल ताडून पाहणारे कोणी नव्हते.

आता आज्ञावलीच्या ओळी क्षणात लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली आहेत. मसुदा स्वस्त झाला आहे. तो वाचून, समजून, त्याखाली नाव घालण्याचे काम तितकेच महाग राहिले आहे. किंबहुना मसुद्यांची रास वाढल्याने वाचणाऱ्यांवरचा ताण वाढतो.

आपल्या कार्यालयांत व शाळांत

केंद्र सरकारने २०१५ मध्ये ई-प्रशासनासाठी मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील फॉसी प्रकल्प महाविद्यालयांत अशा सॉफ्टवेअरचा प्रसार करतो, आणि तेथीलच स्पोकन ट्युटोरियल उपक्रमाचे पाठ मराठीतूनही उपलब्ध आहेत. शिक्षकांनी त्यांचा अवश्य उपयोग करून घ्यावा. विद्यार्थ्याने केलेली आज्ञावली चालते की नाही, एवढेच न पाहता त्याने प्रत्येक बदलाचे कारण लिहिले आहे काय, हेही पाहावे.

पंचायतीसाठी वा कार्यालयासाठी एखादी आज्ञावली घेताना किमतीबरोबर आणखी चार प्रश्न विचारले जावेत. तिचा मूळ लेख कोणाच्या ताब्यात राहील? बदलांची नोंद कोण ठेवील? ती नोंद पाहण्याचा अधिकार कार्यालयाला असेल काय? आणि आज ती सांभाळणारा माणूस उद्या निघून गेला, तर त्याच्या जागी कोण आहे? पाणीपुरवठ्याची योजना मंजूर करताना पंप चालविणारा व दुरुस्तीचा खर्च यांचा विचार होतो. आज्ञावलीच्या बाबतीतही सांभाळाची तरतूद पहिल्याच ठरावात असावी.