एका चुकलेल्या खुणेची किंमत

सातारा जिल्ह्यातल्या वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोश आकाराला आला आणि १९७६ साली त्याचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. विश्वकोशाच्या मजकुरात मध्येच एखाद्या शब्दाआधी छोटा बाण दिसतो. त्या विषयावर कोशात स्वतंत्र नोंद आहे, एवढेच तो बाण सांगतो. तो चुकून शेजारच्या शब्दाआधी छापला गेला, तरी वाक्य वाचताना काही खटकणार नाही, पण वाचक कोशात नसलेली नोंद शोधत बसेल. चांगल्या मुद्रितशोधकाला हे समजावून सांगावे लागत नाही. तो अक्षरांइतकीच नजर खुणांवरही ठेवतो. सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिकांच्या बाबतीत मात्र अशा खुणा दुरुस्त करणे हे किरकोळ, कमी प्रतीचे काम समजले जाते. हा समज चुकीचा आहे, असे मला आज मांडायचे आहे.

या पुस्तिका बहुधा साध्या मजकुरात लिहितात आणि शीर्षक, ठळक अक्षरे, संगणकाला द्यायच्या आज्ञेची ओळ हे सगळे चिन्हांनी दाखवतात. जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेली मार्कडाउन ही पद्धत आज सर्वांत रुळलेली आहे. तिच्यात एखादा शब्द दोन तारकांच्या मध्ये घातला की तो तिरपा होतो आणि तारका नाहीशा होतात. आता समजा, लेखकाने दोन गुणिले तीन गुणिले चार असे लिहिताना गुणाकारासाठी मध्ये जागा न सोडता तारका वापरल्या. पानावर तारका गळून पडतात, मधला तीन तिरपा होतो आणि वाचकाला दिसते दोनशे चौतीस. उत्तर होते चोवीस! दुसरे उदाहरण आज्ञेतल्या रिकाम्या जागेचे. ‘इथे आपल्या फाइलचे नाव घाला’ हे सांगण्यासाठी इंग्रजी शब्द टोकदार कंसांत लिहिण्याची रीत आहे. पण आज्ञा म्हणून खूण करायची राहिली, तर ब्राउझर त्या कंसाला स्वतःसाठीची सूचना समजतो आणि कंसासकट आतले शब्द दाखवतच नाही. वाचकापुढे अर्धी आज्ञा येते. तसेच आज्ञेतल्या पर्यायाआधी दोन आडव्या रेघा लागतात. छपाई देखणी करणारी सोय त्या दोहोंची एक लांब रेघ करते, आणि ती ओळ उचलून चालवली की संगणक ती नाकारतो. या तिन्ही ठिकाणी लेखकाला विषय नीट माहीत होता, शुद्धलेखनही बिनचूक होते, तरी वाचकाच्या हाती चुकीची सूचना पडली.

मराठीत याला आणखी एक पदर आहे. फायरफॉक्स आणि लिबरऑफिस मराठीतून वापरता येतात. अशा प्रणालींचे संदेश भाषांतरित करताना मध्ये काही खुणा तशाच ठेवाव्या लागतात. संदेश दाखवण्याच्या क्षणी संगणक तिथे फाइलचे किंवा फोल्डरचे नाव भरतो. इंग्रजी वाक्यात फाइल आधी येते आणि फोल्डर नंतर. आपण सहज म्हणतो, ‘अमुक फोल्डरमधून तमुक फाइल पुसली.’ क्रम उलटला. खुणांना क्रमांक दिले नाहीत, तर मराठी निर्दोष असूनही फोल्डरच्या जागी फाइलचे नाव झळकते. अशी चूक पकडायला मराठी वाक्याची घडण आणि खुणेचे काम, दोन्ही जाणणारा माणूस लागतो. असा माणूस बाहेरून येणार नाही. तो मराठी वाचकांतूनच पुढे यायला हवा.

यावर एक आक्षेप असा की हे काम यंत्रावर सोपवावे. काही अंशी ते खरे आहे. खुणांना क्रमांक दिलेले नसतील, तर तपासणारी काही साधने ते दाखवतात. पण मार्कडाउनमध्ये मुळात कुठलाही मजकूर अवैध ठरत नाही. २०१४ पासून कॉमनमार्क या नावाने त्या पद्धतीचे काटेकोर नियम लिहिले गेले, त्यांतही हे तत्त्व कायम आहे. म्हणजे दोनशे चौतीस हे यंत्राच्या लेखी बरोबरच. तिथे चोवीस अपेक्षित होते, हे अर्थ समजणाराच सांगू शकतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो मुक्त सॉफ्टवेअरचे, म्हणजे कोणीही बदल सुचवू शकेल असे, प्रकल्प सांभाळणाऱ्यांचा आहे. अशा बारीक बदलांत आपला वेळ वाया जातो, असे ते म्हणतात. हॅक्टोबरफेस्ट नावाच्या उपक्रमात दर ऑक्टोबरला मुक्त सॉफ्टवेअरमध्ये बदल सुचवणाऱ्यांना शर्ट भेट मिळत असे. २०२० मध्ये त्या शर्टासाठी पुस्तिकांत कुठे एखादे विशेषण घाल, कुठे शीर्षक सजव, अशा निरर्थक बदलांचा पूर आला. त्यात भारतातून आलेले बदलही पुष्कळ होते. काही दिवसांतच आयोजकांना नियम बदलून, ज्या प्रकल्पांची संमती आहे तेवढ्यांतलेच बदल मोजायचे ठरवावे लागले. फुकट वेळ देणाऱ्या माणसांना असा त्रास होणे गैरच होते, आणि त्यांचा राग मला पूर्ण मान्य आहे. पण त्या बदलांनी कुठलीही चूक दुरुस्त केली नव्हती. खऱ्या दुरुस्तीत आधी काय दिसत होते, काय दिसायला हवे होते आणि त्यामुळे वाचकाचे काय बिघडत होते, हे सांगता येते. ज्याला हे सांगता येत नाही, त्याने बदल पाठवू नये.

जाणकाराला मोडलेली ओळही समजते, असेही म्हणतात. समजते, कारण त्याला आज्ञा आधीच पाठ असते. पुस्तिका ज्याच्यासाठी लिहितात, तो नवखा असतो. सूचना चालली नाही की आपलेच काही चुकले असे त्याला वाटते, आणि पुष्कळदा तो तिथेच थांबतो.

सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात लिनक्स वापरणाऱ्या विद्यार्थ्यांचा गट आहे. कराडलाही शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या आणि सांगली व सातारा या दोन्ही जिल्ह्यांतल्या सगळ्याच विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. रोज वापरता त्या एखाद्या साधनाची पुस्तिका घ्या. तिच्यातल्या आज्ञा नुसत्या वाचू नका, एकेक करून चालवा. अडखळलात तर मूळ मजकूर उघडून कुठली खूण हुकली ते शोधा, दुरुस्त केलेले पान तयार करून डोळ्यांनी पाहा, आणि मगच बदल पाठवा, कारणासह.