नव्वद हजारांचा सालगडी

(तंजावर भागातल्या अभ्यासदौऱ्यात महाराष्ट्रातून आलेल्या विद्यार्थ्यांसमोर केलेलं भाषण)



सकाळी आपण कीळवेण्मणीला जाऊन आलो. हे गाव तेव्हा तंजावर जिल्ह्यात होतं. 25 डिसेंबर 1968 च्या रात्री तिथं एका झोपडीत 44 दलित माणसं जाळली गेली. बाया, लेकरं, म्हातारी माणसं. वस्तीची मागणी होती मजुरीत थोडं जास्त भात. कावेरीच्या या भातशेतीत राबणाऱ्या बांधील मजुराला ‘पण्णैयाळ’ म्हणत. कर्जापोटी तो एकाच मिरासदाराचा. 1952 साली त्याच्या संरक्षणासाठी कायदा झाला, तरी मजुरी वाढवून मागणं मालकांच्या लेखी गुन्हाच राहिला.

माझे वडील परभणीकडे सालगडी होते. गुढीपाडव्याला साल ठरायचं, उचल घ्यायची, आणि उचल फिटली नाही की पुढचं सालही त्याच मालकाकडे. त्यामुळे पण्णैयाळ हा शब्द मला कुणी समजावून सांगावा लागला नाही.

खेळ आणि जात म्हटलं की आपण पालवणकर बाळूंचं नाव घेतो, घ्यायलाच हवं. पण आज इथं मला कर्ट फ्लड या काळ्या अमेरिकन बेसबॉलपटूबद्दल बोलायचं आहे.

जन्म 1938 चा. सेंट लुईस कार्डिनल्स संघात 12 हंगाम. जागा सेंटरफील्ड, म्हणजे आपल्या क्रिकेटमध्ये सीमारेषेजवळ धावून उंच झेल घेणारा असतो, साधारण तसं काम. क्षेत्ररक्षणाचा ‘गोल्ड ग्लव्ह’ त्यानं 1963 ते 1969 सलग 7 वेळा मिळवला. उमेदवारीत दक्षिणेकडे खेळताना मात्र संघाबरोबर जेवता येत नसे. त्यानंच सांगितलंय, दोन सामन्यांच्या मधल्या वेळात त्यानं घामाचे कपडे गोऱ्यांच्या ढिगात टाकले, तर तिथल्या नोकरानं ते खिळा लावलेल्या काठीनं उचलून बाजूला केले. ही काठी आपल्या ओळखीची आहे.

1969 मध्ये पगार वर्षाला 90,000 डॉलर. ऑक्टोबरात संघानं त्याला न विचारता फिलाडेल्फियाच्या संघाला देऊन टाकलं. करारात ‘रिझर्व्ह क्लॉज’ होता: मुदत संपली तरी खेळाडूवर हक्क संघाचाच. पाठवतील तिथं जायचं, नाहीतर खेळ सोडायचा. 24 डिसेंबर 1969 ला फ्लडनं बेसबॉलच्या आयुक्तांना लिहून कळवलं की आपण खरेदी-विक्रीची मालमत्ता नाही. कीळवेण्मणीला वर्ष व्हायला तेव्हा एक दिवस कमी होता. (दोन्हींचा संबंध काही नाही, तारखा जवळ आल्या एवढंच.)

एवढा पगार घेणारा कसला गुलाम, असं त्याला विचारलं गेलं. त्याचं म्हणणं, भरपूर पगार मिळाला तरी गुलाम तो गुलामच. आपल्याही घरात ऐकू येतं ना, पगार चांगला आहे, मग गप बस!

खेळाडूंच्या संघटनेनं खटल्याचा खर्च उचलला. संघटनेच्या मार्विन मिलर यांनी आधीच बजावलं होतं की बहुधा हरशील, आणि पुन्हा कुणी घेणार नाही. जॅकी रॉबिन्सन साक्षीला आले. मैदानावर खेळत असलेला एकही खेळाडू आला नाही. मला त्यांचा राग येत नाही. ज्याच्या पगारावर घर चालतं त्याची भीती मला कळते. 1972 साली सर्वोच्च न्यायालयात फ्लड 5 विरुद्ध 3 मतांनी हरला. तोवर कारकीर्द संपलीच होती: 1970 पूर्ण बाहेर, 1971 मध्ये वॉशिंग्टनकडून फक्त 13 सामने.

1975 च्या डिसेंबरात दुसऱ्या दोन खेळाडूंच्या प्रकरणात लवादानं ते कलम निकामी केलं. फ्लडच्या हाती त्यातलं काही लागलं नाही. तो 1997 साली वारला. पुढच्या वर्षी अमेरिकेत त्याच्या नावानं कायदा झाला.

माझ्या पहिल्या नोकरीत कंपनीनं मूळ गुणपत्रिका ठेवून घेतल्या होत्या. दोन वर्षांच्या आत सोडलं तर दीड लाख भरा. हे ऐकून वडील म्हणाले, “म्हणजे उचलच की. फक्त पैसे हातात न देता.”

तुमच्यापैकी काहींनी नेमणूकपत्रं आणली आहेत. चहा झाला की ती काढा. बाँडचं कलम ओळ-ओळ वाचू, इंग्रजी अडलं तर विचारा. आणि मूळ कागद कुणी मागितले असतील, तर पोचपावती मिळाली का तेही सांगा.