नाव नसलेले चेहरे



बदलीच्या नोकरीने मला तंजावरात आणले, तेव्हा पहिल्याच रविवारी मी बृहदीश्वराच्या देवळात गेलो. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली कोरविलेला भोसले कुळाच्या इतिहासाचा प्रदीर्घ मराठी लेख तेथे भिंतीवर आहे. नावांमागून नावे येतात. चेहरा मात्र एकाचाही दिसत नाही. १८५८ साली लिनिअस ट्राइप या छायाचित्रकाराने याच देवळाच्या जोत्यावरील प्राचीन लेखांची एकवीस छायाचित्रे घेऊन ती सलग जोडली. त्याचे लक्ष्यही अक्षरे हेच होते.

याच्या नेमके उलट असे एक छायाचित्र माझ्या मेजावर आहे. येथल्या एका जुन्या सामानाच्या दुकानात ते मला चौकटीच्या किमतीत मिळाले. अंगणात एक स्त्री उभी आहे. कडेवरचे मूल हलल्यामुळे पुसट झाले आहे. फोटो घेणाऱ्याची सावली तिच्या पावलांपर्यंत आली आहे, आणि ती हसते आहे ती त्या सावलीच्या धन्याकडे पाहून. कोडॅकने १९०० साली एक डॉलरचा ब्राउनी कॅमेरा काढला. पुढे असे साधे कॅमेरे घरोघरी आले, म्हणून हे घरगुती हसू टिकले. स्टुडिओतील रंगीत पडद्यासमोर ते उमटले नसते. मागे एक अक्षर नाही. लुगड्यावरून ती मराठी की तमिळ, हेही तंजावरात सांगता येत नाही. तिचे कर्तृत्व, कुळ काहीच ठाऊक नसल्याने मी तिच्याकडे नुसता पाहत राहतो, आणि मनाला स्वस्थ वाटते.

पण एक कबुली द्यावयाची आहे. माझ्या आईच्या पेटीतही असाच एक फोटो निघाला. परकरातली आई, आणि तिच्या खांद्यावर हात टाकून उभी असलेली एक मुलगी. ‘ही कोण?’ हे विचारावयाचे प्रत्येक रजेत राहून गेले. आता आई नाही. तंजावरची ती स्त्री अनामिक आहे याचे मला दुःख नाही. या मुलीचे नाव माझ्या हलगर्जीपणाने गेले, ते मात्र सलते.

आपल्या मंडळाच्या कपाटात पन्नास वर्षांचे फोटो आहेत. ते ओळखणारी वडीलधारी मंडळी आज समोर बसली आहेत. कार्यवाहांना विनंती, की हा समारंभ संपण्यापूर्वी मऊ पेन्सिल घेऊन त्यांच्याजवळ बसावे आणि प्रत्येक फोटोमागे हलक्या हाताने नावे लिहावीत.